उपग्रहाचा भूपथ : रेषा पक्की, वेळ कच्ची

२ एप्रिल २०२२ची सायंकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून एक तेजस्वी पट्टा सरकत गेला. राज्याच्या इतर भागांतून आणि मध्य प्रदेशातूनही तो अनेकांना दिसला. कोणी त्याला उल्का म्हटले, कोणी पेटलेले विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचे एक भलेमोठे कडे पडलेले आढळले. त्याचा व्यास अडीच ते तीन मीटर होता. परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चँग झेंग ३बी’ या चिनी अग्निबाणाचा वरचा टप्पा त्या वेळी वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि हे अवशेष त्याचेच असावेत, असे अवकाशातील वस्तूंची नोंद ठेवणारे अभ्यासक जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगोलग सांगितले.

एवढी मोठी वस्तू गावावर येणार हे आधी कळत नाही काय, असा प्रश्न त्यानंतर साहजिकच विचारला गेला. त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी आणि अर्धे नकारार्थी आहे. तो टप्पा पृथ्वीवरील कोणकोणत्या प्रदेशांवरून जाणार, ती रेषा आधीच काढता येत होती. खगोलशास्त्राची आवड असलेला महाविद्यालयीन विद्यार्थीही घरच्या संगणकावर ती काढू शकतो. त्या रेषेवरच्या कोणत्या ठिकाणी तो कोसळणार, हे मात्र शेवटच्या तासापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. ही रेषा कशी काढतात हे समजून घेतल्याखेरीज या दोन उत्तरांतील फरक नीट ध्यानात येत नाही.

उपग्रहापासून पृथ्वीच्या पृष्ठभागावर सरळ लंब टाकला तर तो जेथे टेकतो, त्या बिंदूला आपण उपग्रहाचा पायबिंदू म्हणू. उपग्रह पुढे सरकतो तसा हा बिंदूही समुद्र, वाळवंटे, शहरे ओलांडत धावतो. त्याने आखलेली रेषा म्हणजे उपग्रहाचा भूपथ. मोहिमेच्या थेट प्रक्षेपणात नियंत्रण कक्षातील मोठ्या पडद्यावर जगाच्या नकाशावरून जाणारी नागमोडी रेषा दिसते, ती हीच.

रेषा नागमोडी का दिसते?

उपग्रहाची कक्षा स्वतः मुळीच नागमोडी नसते. ती एका सपाट प्रतलातील जवळजवळ वर्तुळाकार वाट असते. गोल पृथ्वी कापून तिचा सपाट नकाशा केला, की ही वाट लाटेसारखी दिसू लागते. लाटेची उंची ठरते ती कक्षेच्या कलावरून, म्हणजे कक्षेचे प्रतल विषुववृत्ताशी जो कोन करते त्यावरून. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा कल ५१.६ अंश आहे, म्हणून त्याचा पायबिंदू ५१.६ अंश उत्तर आणि तितकेच दक्षिण, यांच्या फारसा पलीकडे कधीही जात नाही. लंडनचा अक्षांश त्याच्या सीमेवर येतो. मॉस्कोच्या डोक्यावर मात्र ते कधीच येत नाही.

महाराष्ट्रापुरते उदाहरण घ्यायचे तर भारत व फ्रान्स यांच्या ‘मेघा-ट्रॉपिक्स’ या उपग्रहाचे घ्यावे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या या उपग्रहाच्या कक्षेचा कल सुमारे २० अंश होता. उष्ण कटिबंधातील ढग आणि पाऊस यांचा अभ्यास करायचा असल्याने तो मुद्दाम इतका कमी ठेवला होता. परिणामी मुंबई व पुणे त्याच्या पट्ट्यात होती, परंतु २१ अंशांच्या वर असलेले नागपूर त्याच्या भूपथावर कधी आलेच नाही. कलाचा एवढा एकच आकडा हाती असला तरी एखादी वस्तू आपल्या गावावरून जाऊ शकते किंवा नाही, याचा पहिला निवाडा होतो.

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या फिरण्याची. अवकाश स्थानक एक फेरी साधारण ९३ मिनिटांत पुरी करते. तेवढ्या वेळात त्याच्या खालची पृथ्वी पूर्वेकडे सरकलेली असते, त्यामुळे पुढच्या फेरीचा भूपथ सुमारे साडेतेवीस अंश पश्चिमेला पडतो. विषुववृत्तावर हे अंतर सुमारे २६०० किलोमीटर भरते. एका फेरीत मुंबईवरून गेलेले स्थानक पुढच्या फेरीत त्याच अक्षांशावर येते तेव्हा खाली अरबस्तानचे वाळवंट असते. नकाशावर दिवसभराच्या पंधरा-सोळा लाटा एकमेकींना छेदत जाळे विणतात ते यामुळेच.

जसजशी उंची वाढते तसा फेरीचा काळ वाढतो आणि रेषेचे रूप पालटत जाते. सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह आणि पृथ्वी यांची गती जुळते. तेथे कक्षा नेमकी विषुववृत्तावर असेल, तर भूपथ म्हणजे केवळ एक ठिपका. दूरचित्रवाणीचे उपग्रह असे असतात. कक्षेला कल दिला तर ठिपक्याची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती होते. भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेतील काही उपग्रह ५५ अंश आणि १११.७५ अंश पूर्व रेखांशांवर असे ‘आठ’ रोज गिरवत असतात.

दोन ओळींची कुंडली

हे झाले रूपाचे वर्णन. अमुक वाजता अमुक अक्षांश-रेखांश, असा हिशेब करायचा तर प्रथम उपग्रहाच्या कक्षेची माहिती हवी. ती ‘टू लाइन एलिमेंट’ अर्थात ‘टीएलई’ या नावाने, दोन ओळींत मिळते. अमेरिकी लष्करी यंत्रणा रडार आणि दुर्बिणींनी अवकाशातील हजारो वस्तूंवर नजर ठेवून हे आकडे तयार करते व त्यांतील बहुतेक सर्वांसाठी खुले असतात. टी. एस. केल्सो यांचे ‘सेलेस्ट्रॅक’ १९८५ पासून ते वाटत आले आहे.

प्रत्येक ओळ बरोबर ६९ अक्षरांची. हे स्वरूप पंच कार्डांच्या काळातले आहे आणि त्या काळाची काटकसर त्यात पदोपदी दिसते. कक्षेची विकेंद्रता, म्हणजे ती वर्तुळापासून किती लांबट आहे हे सांगणारा आकडा, ‘०००६७०३’ असा लिहिलेला असतो. त्याआधीचे शून्य आणि दशांश चिन्ह वाचणाऱ्याने मनाने धरायचे. वर्षाचे दोनच अंक असतात. ५७ ते ९९ म्हणजे विसावे शतक, ०० ते ५६ म्हणजे एकविसावे, कारण १९५७ मध्ये ‘स्पुटनिक’ उडण्यापूर्वीचा उपग्रह असणे शक्यच नाही. तारीख महिन्यांत न देता वर्षातील दिवसाच्या क्रमांकाने देतात. लाडबोरीच्या घटनेचा क्षण या पद्धतीने ‘२२०९२.५९३७५’ असा लिहिला जाईल : २०२२ सालचा ९२ वा दिवस आणि त्या दिवसाचा ०.५९३७५ इतका भाग, म्हणजे जागतिक वेळेनुसार दुपारचे सव्वादोन, आपल्याकडचे पावणेआठ. येथे १ जानेवारीला शून्यावा नव्हे तर पहिला दिवस धरतात, हे विसरणारा नवखा प्रोग्रामर पूर्ण एका दिवसाने चुकतो.

ओळीतील इतर आकडे म्हणजे कक्षेचा कल, प्रतल कोणत्या दिशेला वळलेले आहे तो कोन, पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू कोठे आहे तो कोन, त्या क्षणी उपग्रह कक्षेत कोठवर आला होता तो कोन, दिवसाला होणाऱ्या फेऱ्या आणि हवेच्या रोधाचा अंदाज देणारा एक गुणांक. ओळीच्या अखेरचा अंक हा पडताळ्याचा. ओळीतील सर्व अंकांची बेरीज करून, उणे चिन्हाला एक धरून, एकम स्थानचा अंक तेथे लिहिलेला असतो. तो न जुळल्यास ओळ उतरवताना चूक झाली, असे समजावे. उपग्रहांच्या यादीतील क्रमांकासाठी ठेवलेली पाच अंकांची जागा वाढत्या गर्दीमुळे अपुरी पडू लागल्याने ही माहिती आता नव्या, ऐसपैस स्वरूपातही दिली जाते. जुन्या दोन ओळींची सवय मात्र जगभरच्या प्रोग्रामना लागलेली आहे आणि ती सहजी सुटेल असे दिसत नाही.

आता येथे एक खाचखळगा आहे. भौतिकशास्त्र शिकलेला विद्यार्थी हे आकडे पाहून म्हणतो, केप्लरचे नियम माहीत आहेत, लगेच गणित करू. तसे केले तर उत्तर काही किलोमीटरांनी चुकते आणि दिवसागणिक अधिक बिघडत जाते. कारण हे आकडे त्या क्षणीच्या खऱ्या कक्षेचे नसतात. एका ठरावीक पद्धतीने चढउतार गाळून काढलेली ती सरासरी मूल्ये असतात. ज्या पद्धतीने ती गाळली, त्याच पद्धतीने ती पुन्हा उलगडावी लागतात. कुलूप आणि किल्ली एकाच कारखान्याचे हवे, असा हा प्रकार आहे.

या किल्लीचे नाव ‘एसजीपी-४’. फेलिक्स हूट्स आणि रोनाल्ड रोरिच यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पेसट्रॅक रिपोर्ट नंबर ३’ या अहवालात तिचा फोरट्रान भाषेतील संपूर्ण प्रोग्राम छापला होता. लष्करी वापरातले गणित असे उघडपणे छापले गेल्यामुळेच हौशी रेडिओचालकांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वांना उपग्रहांचा माग काढता येऊ लागला. पुढे या प्रोग्रामच्या जगभर नाना आवृत्त्या झाल्या, प्रत्येकाने आपापली ‘दुरुस्ती’ केली आणि उत्तरे जुळेनाशी झाली. अखेर डेव्हिड व्हॅलाडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा सगळा गुंता सोडवून स्वच्छ आवृत्ती मांडली. आजचे बहुतेक प्रोग्राम तिच्यावरच बेतलेले आहेत.

एसजीपी-४ मुख्यतः दोन गोष्टी हिशेबात घेते. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे. तेथील त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. या फुगवट्याच्या ओढीने कक्षेचे प्रतल हळूहळू वळत राहते. अवकाश स्थानकाच्या बाबतीत ते रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे फिरते. दुसरी गोष्ट हवेच्या विरळ थराचा रोध. चारशे किलोमीटर उंचीवरही हवा अगदीच नसते असे नाही आणि तिच्यामुळे कक्षा सतत खाली येत असते. २२५ मिनिटांहून अधिक काळात फेरी घेणाऱ्या दूरच्या उपग्रहांसाठी सूर्य व चंद्र यांच्या ओढीचाही विचार या पद्धतीत केलेला आहे.

पृथ्वी फिरवण्याचे गणित

एसजीपी-४ कडून मिळतात ते तीन आकडे, किलोमीटरमध्ये : पृथ्वीच्या केंद्रापासून उपग्रह तीन दिशांना किती दूर आहे. परंतु या दिशा ताऱ्यांच्या संदर्भात, वसंतसंपाताकडे रोखलेल्या असतात; पृथ्वीबरोबर त्या फिरत नाहीत. म्हणून त्या क्षणी पृथ्वी किती वळलेली आहे ते काढून तेवढा कोन वजा करावा लागतो. या कोनाला ग्रीनिचची नाक्षत्रवेळ म्हणतात आणि तो काढण्याची रीत एका ओळीची आहे. १ जानेवारी २००० रोजी जागतिक वेळेनुसार दुपारी बारापासून किती दिवस उलटले ते दशांशासह मोजायचे, त्याला ३६०.९८५६४७ ने गुणायचे, त्यात २८०.४६०६ मिळवायचे आणि पूर्ण ३६० अंश काढून टाकायचे.

दिवसाला ३६० नव्हे, ३६० अंशांहून जवळपास एक अंश अधिक का, हा प्रश्न येथे पडतो. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरत असल्याने ताऱ्यांच्या हिशेबाने तिची फेरी २३ तास ५६ मिनिटे आणि सुमारे ४.१ सेकंदांत पुरी होते. आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस एका महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात असे लिहिले. त्यावरून निघणारा नाक्षत्र दिवसही २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचाच येतो. अभिमानाचा भाग बाजूला ठेवला तरी, आजच्या प्रोग्राममध्ये घातला तर चालून जाईल असा हा आकडा आहे.

सिंदेवाहीच्या क्षणाचेच गणित करून पाहू. २ एप्रिल २०२२ रोजी जागतिक वेळेनुसार १४ वाजून १५ मिनिटांपर्यंत ८१२७.०९३७५ दिवस उलटले होते. वरील रीतीने ग्रीनिचची नाक्षत्रवेळ ४४.६६ अंश येते. सिंदेवाहीचा रेखांश सुमारे ७९.७ अंश पूर्व. दोहोंची बेरीज सुमारे १२४.४ अंश. म्हणजे त्या क्षणी सिंदेवाहीच्या रेखांशावर असलेली कोणतीही वस्तू वसंतसंपातापासून पूर्वेकडे १२४.४ अंशांवर असली पाहिजे. प्रोग्राम हेच उलट करतो : उपग्रहाचा कोन १२४.४ आला, त्यातून ४४.६६ वजा केले, उरला रेखांश.

भारतात प्रोग्राम लिहिणाऱ्याची ठरलेली चूक याच पायरीवर होते. संगणकाचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवते आणि साडेपाच तास वजा करायचे राहून जातात. उपग्रहाचे स्थान अचूक काढले, पण पृथ्वी फिरवताना पावणेआठ हीच जागतिक वेळ समजली, तर पृथ्वी ८२.७ अंश जास्त वळते. मग बिंदू सिंदेवाहीवरून थेट ३ अंश पश्चिम रेखांशावर, आफ्रिकेतील माली देशात, टिंबक्टूच्या उत्तरेला सहाराच्या वाळूत जाऊन पडतो. नकाशावर रेषा मात्र पूर्वीइतकीच सुबक दिसते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

अक्षांश कोणता?

कोनांचे रूपांतर करताना आणखी दोन ठेचा लागतात. त्रिकोणमितीची फले संगणक अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजतो, ही पहिली. दुसरी अधिक फसवी आहे. रेखांश काढण्यासाठी दोन आकड्यांचा भागाकार करून त्यावरून कोन शोधायचा असतो, परंतु भागाकार करताच दोन्हींची चिन्हे एकमेकांत मिसळतात आणि समोरासमोरच्या दोन दिशांतील भेद पुसला जातो. उपग्रह हिंदी महासागरावर असताना प्रोग्राम त्याला पृथ्वीच्या पाठीमागे नेऊन ठेवतो. यासाठीच बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत दोन्ही आकडे वेगवेगळे घेणारे खास फलन दिलेले असते, तेच वापरावे.

अक्षांशाचा प्रश्न गणिताचा कमी आणि व्याख्येचा जास्त. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेला अक्षांश आणि नकाशात छापलेला अक्षांश एकच नसतात. पृथ्वी चपटी असल्याने पृष्ठभागावरचा लंब केंद्रातून जात नाही. हा फरक ४५ अंशांवर सर्वाधिक, सुमारे ०.१९ अंश असतो. मुंबईच्या अक्षांशावर तो भरतो बारा-तेरा किलोमीटर. चर्चगेटहून निघालेली लोकल तेवढ्यात माहीमच्या आसपास पोहोचते. चित्र काढण्यापुरता हा फरक नगण्य असेल; उपग्रहाचा कॅमेरा कोणत्या वस्तीवर रोखलेला आहे हे सांगायचे असेल, तर मुळीच नाही. दुरुस्तीची रीत सोपी आहे. अंदाजे अक्षांश घेऊन सूत्रात घालायचा, आलेले उत्तर पुन्हा घालायचे. तीन-चार फेऱ्यांत आकडा स्थिरावतो.

पृथ्वीचा आकार सांगणाऱ्या ‘डब्ल्यूजीएस-८४’ या मानकाचा वापर या शेवटच्या पायरीवर होतो. पण एसजीपी-४ च्या पोटात जुने, १९७२ चे मानक आहे. ते ‘सुधारण्याचा’ मोह पुष्कळांना होतो आणि उत्तर आणखी बिघडते, कारण दोन ओळींतील आकडेच जुन्या मानकाने काढलेले असतात. कुलूप-किल्लीचा नियम येथेही लागू आहे.

हे सर्व टप्पे आता हाताने लिहिण्याची गरज उरलेली नाही. ब्रँडन ऱ्होड्स यांनी पायथन भाषेसाठी तयार केलेल्या ‘स्कायफील्ड’ या मोफत संचाला दोन ओळी आणि वेळ दिली की अक्षांश, रेखांश आणि उंची हाती येते. एकूण प्रोग्राम दहा-बारा ओळींचा. ब्राउझरमध्ये नकाशा दाखवायचा असल्यास जावास्क्रिप्टमध्ये, अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळलेल्या मॅटलॅबमध्येही सोय आहे. ज्यांना प्रोग्रामच लिहायचा नाही, त्यांच्यासाठी ‘जीप्रेडिक्ट’ हे तयार सॉफ्टवेअर आहे. तरीही एकदा तरी नाक्षत्रवेळेपासून सगळे स्वतः लिहून तयार संचाच्या उत्तराशी ताडून पाहणे इष्ट. आयत्या संचात साडेपाच तासांची चूक केली, तर तोही निमूटपणे टिंबक्टूच दाखवतो.

रेषा काढण्यासाठी हा हिशेब मिनिटा-मिनिटाने करावा लागतो. पायबिंदू सेकंदाला सुमारे सात किलोमीटर धावतो. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर तो पावणेदोन मिनिटांच्या आत कापतो, त्यामुळे पाच-पाच मिनिटांनी बिंदू घेतले तर महाराष्ट्र मध्येच गळून जाण्याची शक्यता. आणि १८० अंश रेखांश ओलांडताना रेषा तोडावी लागते, नाहीतर नकाशावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली जाते. पहिल्या प्रयत्नात ही रेघ आली नाही असा प्रोग्रामर विरळा.

दहा मिनिटांची किंमत

येथवर बरोबर काढलेल्या रेषेवर विश्वास किती ठेवावा? दोन ओळींतील आकडे ताजे असतील, तर स्थानातील चूक साधारण किलोमीटरभराची असते आणि दिवसागणिक ती वाढत जाते. ही चूक सर्व दिशांना सारखी नसते. कक्षेचा कल व प्रतल यांत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे रेषा डावी-उजवीकडे फारशी ढळत नाही. हवेच्या रोधाचा अंदाज मात्र चुकतो. सूर्य खवळलेला असला की वातावरणाचे वरचे थर फुगतात, रोध वाढतो. उपग्रह आपल्या वाटेवरच राहतो. तेथे पोहोचण्याची वेळ तेवढी बदलते.

कोसळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही वेळच सर्वस्व ठरते. उरलेल्या काळाच्या दहा टक्के चूक धरली, हा अंदाज फार उदार मानला जातो, तरी दहा तास आधी केलेल्या भाकितात एक तास अलीकडे आणि एक तास पलीकडे असा दोन तासांचा अवकाश उरतो. तेवढ्या वेळात ती वस्तू पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून दुसरीला लागलेली असते. दहा मिनिटांची चूक म्हणजे रेषेवर सुमारे साडेचार हजार किलोमीटर. भारताची दक्षिणोत्तर लांबीही त्याहून कमी, सुमारे ३२०० किलोमीटर आहे. तो अग्निबाणाचा टप्पा दहा मिनिटे आधी वा नंतर कोसळला असता तर सिंदेवाहीने हे कडे पाहिलेही नसते. दुसऱ्या कोणीतरी पाहिले असते, किंवा समुद्राने गिळले असते.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना १९७९ चा जुलै आठवत असेल. अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही ७७ टन वजनाची प्रयोगशाळा कोसळणार होती आणि देशभर घबराट होती. तिच्या कक्षेचा कल ५० अंश होता. म्हणजे सारा भारत तिच्या पट्ट्यात येत होता, ती भीती निराधार नव्हती. ११ जुलै रोजी ती हिंदी महासागरावर उतरत आली. परंतु ती अपेक्षेपेक्षा उशिरा फुटली आणि तिचे तुकडे समुद्र ओलांडून पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या परिसरात विखुरले. तेथील स्थानिक प्रशासनाने ‘नासा’ला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला, ही त्यातली गमतीची बाजू. रेषा तेव्हाही बरोबरच होती.

यावरचा उपाय गणितात नाही, इंधनात आहे. वस्तूत इंधन शिल्लक असेल तर ती हव्या त्या फेरीत, हव्या त्या क्षणी ढकलून रेषेचा सुनसान भाग निवडता येतो. इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी ‘मेघा-ट्रॉपिक्स’ला असेच प्रशांत महासागरावर उतरवले. अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्यांबाबत ही काळजी सर्वत्र घेतली जात नाही. अवकाशातील गर्दीवर भारताची स्वतःची नजर असावी यासाठी इस्रोने बेंगळुरू येथे स्वतंत्र केंद्र उभारले असून त्याचे उद्घाटन लाडबोरीच्या घटनेनंतर तीन महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये झाले.

घरी लिहिलेल्या प्रोग्रामची परीक्षा घेण्यासाठी कोणत्याही केंद्राची गरज नाही. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, खाली अंधार आणि चारशे किलोमीटरवर ऊन असते, तेव्हा अवकाश स्थानक शुक्रासारखे झळकत जाते. त्या दिवसाचे ताजे आकडे घेऊन भूपथ काढावा, आपल्या गावाच्या सर्वांत जवळून जाण्याचे मिनिट आणि सेकंद टिपावेत आणि नेमके जुळवलेले घड्याळ घेऊन गच्चीवर जावे. ठिपका ठरल्या सेकंदाच्या आसपास माथ्यावर आला तर हिशेब बरोबर. काही सेकंद पुढे-मागे झाला, तर आकडे शिळे आहेत किंवा मधल्या काळात स्थानकाची उंची वाढवण्यासाठी इंजिन चालवले गेले आहे. आणि दिसलाच नाही तर, ढग नसल्याची खात्री करून, प्रथम साडेपाच तास तपासावेत.